कुलपाला मिळालेली सुटी

१५ ऑगस्ट १९५७, गुरुवार. पहाटेपर्यंत भुरभुर, मग उघडीप. झेंडा वर चढला तेव्हा अंगणात ऊन होतं.

मी अनसिंगच्या मिडल शाळेच्या दारावरचं कुलूप बोलतोय. माणसांच्या सुट्या मला जितक्या ठाऊक आहेत तितक्या कॅलेंडरलाही नसतील. कॅलेंडर सुटी नुसती सांगतं, पाळतो मी. शाळा भरली की मी उघडा होऊन कडीला लटकतो आणि पोरांच्या पाढ्यांवर डुलक्या काढतो. सगळे घरी गेले की माझं काम सुरू. जगाची सुटी ती माझी पाळी.

माझा जन्म अलीगडचा, अंग पितळेचं. पहिली नोकरी वाशीमला रामधन शेठच्या सरकीच्या गोदामावर. तिथं सुटी म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. शेठ मला बंद करून तीनदा ओढून पाहत, चार पावलं जात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत. त्या ओढण्यानंच माझी दांडी जरा सैल झाली. मग शेठनी नवं कुलूप घेतलं आणि मला शाळेला देऊन टाकलं. तेव्हापासून मला उघडायचं तर दांडी थोडी वर उचलून किल्ली फिरवावी लागते. ही युक्ती दोघांनाच जमते. एक शाळेचे शिपाई हेमसिंग, दुसरे हेडमास्तर उकंडराव गुरुजी.

गुरुजींना सुट्यांचा भारी नाद. कामचुकार नव्हेत, पण सुटीला सुटी जोडण्यात त्यांना गोधडी शिवणाऱ्या बाईसारखा आनंद. आधी सुट्यांचा कागद नागपूरच्या राज्याचा यायचा, छप्पन्नच्या अखेरीपासून मुंबईचा येऊ लागला. तो आला की गुरुजी ओट्यावर बसून कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं खुणा करत. सत्तावन्नला मात्र ते नाराज होते.

"पाहा हेमसिंग, अष्टमी रविवारी, पोळाबी रविवारी! दोन दोन सुट्या रविवारानं गिळल्या."

हेमसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. बायको गोमतीबाई आणि मुलगी धनी तिकडेच, तीन कोसांवर. ते स्वतः शाळेच्या मागच्या खोलीत राहत. धनीचं लग्न ठरलं होतं. बंजाऱ्यांच्या लग्न न झालेल्या मुली श्रावणात टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालून वाढवतात, गाणी म्हणतात. ती तीज. शेवटच्या दिवशी गव्हाचे हिरवे कोंब उपटून मुली बापाच्या, भावाच्या पागोट्यात खोवतात आणि टोपल्या पाण्यात सोडतात, म्हणजे तीज सुटली. लग्न झालं की मुलीची तीज संपली. धनीची ही शेवटची होती. आधीच्या दोन वर्षी हेमसिंगला शाळा सोडून जाता आलं नव्हतं, आणि दोन्ही वर्षी धनीनं बापाच्या वाट्याचे कोंब घराच्या वळचणीला खोवले होते.

"औंदा तरी वळचणीले नको खोवू दे तिले," हेमसिंग एकदा मला पुसता पुसता म्हणाले. मीच ऐकणारा होतो.

गुरुजींनी पेन्सिल उचलली. "तुमची तीज अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सुटते ना? मंग सोपं हाय. गुरुवारी झेंडा. शुक्रवार, शनिवार किरकोळ रजा. रविवारी अष्टमी. सोमवारी आखरी रजा. पाच दिवस सलग!"

हेमसिंगची तेवढीच रजा उरली होती. अर्ज झाला, सही झाली. झेंडावंदन झाल्यावर खांद्यावर धनीसाठी घेतलेल्या बांगड्यांची पिशवी टाकून ते निघाले. मला जाताना नेहमीपेक्षा हलकेच थोपटलं.

मंगळवारी परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती आणि तोंड उतरलेलं. पागोट्यात काही नव्हतं.

गुरुजी दारातच भेटले. "काय रे, काय झालं?"

"काय सांगू गुरुजी. तांड्यात एक म्हातारा वारला. नायकानं तीज मांगं ढकलली. मी गेलो तं पोरी गहू पेरून राह्यल्या होत्या."

"पन अष्टमी तं कॅलेंडरात—"

"तेच तं! घरची म्हनते, तुमी नायकाले इचारलं होतं, का भितीवरच्या कागदाले? तांड्याचा मानूस असून तीज कागदात पाहता? सारे हसले मले." ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता गुरुवारी सुटते. बावीस तारखेले."

गुरुजी खाली बसले. लाल पेन्सिलीनं सगळं जुळवलं होतं त्यांनीच. पण तांड्याचा सण तांड्याच्या मुख्याच्या, नायकाच्या तोंडून निघतो, ही गोष्ट त्यांना कोण सांगणार? ज्यानं सांगायची तो स्वतःच इतकी वर्षं शाळेची घंटा वाजवून विसरला होता.

"रजा उरली नाही तुझी," गुरुजी हळूच म्हणाले. हजेरीत खोटं लिहायचं त्यांच्यानं होत नसे, आणि हेमसिंगनंही तसं मागितलं नाही. ते फडकं घेऊन बाकं पुसायला आत गेले.

तेवढ्यात गुरुजींच्या घरून कस्तुराबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचं घर शाळेला लागून, आणि कान त्याहून जवळ.

"आवो, शाळेले सुटी द्याचा तुमचा एक दिवस हाय ना?"

गुरुजी दचकले. हेडमास्तरांच्या हाती वर्षातून दोन दिवस असत. एक आषाढातल्या आखाडीला देऊन झाला होता. दुसरा त्यांनी जूनपासून जपून ठेवला होता, पोळ्याच्या रविवारला जोडून सोमवारसाठी. कस्तुराबाईंना घेऊन शिरपूरला, त्यांचा भाऊ जगदेव याच्याकडे जायचं होतं. दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा तान्हा पोळा पाहून मग परतायचं.

"तो सोमवारचा हाय. तुह्याच माहेरासाठी."

"मंग माहाच झाला ना? मी देतो गुरुवारी."

"आन् तान्हा पोळा?"

"तो मी पाहीन. तुमी या परत सोमवारी शाळा उघडाले. सुटी तुमची गेली, माही थोडीच गेली!"

गुरुजींनी कप ओट्यावर ठेवला. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, सोमवारची लाल खूण बोटानं पुसली आणि गुरुवारवर केली. पुसलेल्या जागी गुलाबी डाग राहिला.

बुधवारी शाळा सुटली. हेमसिंग मला नेहमी आधी खिशात टाकतात, मग खिडक्या लावतात, मग दार ओढून मला कडीला घालतात. खिडक्या झाल्या, दार ओढलं, कडी चढली. तेवढ्यात गुरुजी ओट्यावरून ओरडले, "अरे जा ना बाप्पा! दिवस बुडून राह्यला!"

हेमसिंग निघालेच. मी खिशात.

मला ओरडता येत नाही. गाव मागं पडलं, पऱ्हाटीची हिरवी शेतं आली, नाला आला, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा दाराशिवाय होतो.

गुरुवारी दुपारी तांड्यात गाणी चालली होती. तांड्याची बोली वेगळी, पण हेमसिंगच्या पुटपुटण्यातून मी ती शिकलोय. धनीनं टोपलीतून कोंबांची मूठ उपटली, हातात नव्या बांगड्या होत्या. बापानं मान वाकवली, आणि मी खिशातून घसरून दगडावर खणकन आपटलो.

"बापू, हे काय?"

हेमसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. "शाळा! शाळा उघडी राह्यली!" ते जोडे शोधू लागले.

कोंबांची मूठ तशीच धरून धनीनं घराच्या वळचणीकडे पाहिलं. हेमसिंगनं ते पाहिलं.

नायक गुलाबसिंगनं मला उचलून हातावर तोललं. "आज शाळेले सुटी हाय ना?"

"हाय."

"मंग कुलपालेबी सुटी. बैस खाली."

हेमसिंग बसले. धनीनं कोंब त्यांच्या पागोट्यात खोवले, एक काडी माझ्या दांडीत अडकवली आणि मग मात्र रडली. टोपल्या पाण्यात सोडून झाल्यावरच ते तांड्यातून निघाले.

त्याला आता दोन वर्षं झाली. मी त्याच दारावर आहे. त्या दगडावर आपटल्यापासून किल्ली दोन वेळा फिरवावी लागते, पावसाळ्यात तीन. ती काडी वाळून कधीच गळाली. तुम्ही सुटीला निघालात की मला ओढून पाहता, ते बरंच करता. पण एक मागणं आहे. ज्यांच्यासाठी निघालात, त्यांनाही निघण्याआधी विचारून घ्या की तुमचा दिवस कोणता. मी कुठं पळून जात नाही. गेलोच तर सुटीच्याच दिवशी जाईन.

राहिलेल्या नोंदी अशा.

२३ ऑगस्ट १९५७, शुक्रवार. आभाळ मोकळं. शाळा वेळेवर भरली. कडी निघालेली होती, पाचवीच्या वर्गात शेळी सापडली. तिनं नकाशाचा खालचा कोपरा खाल्ला होता. बाकी सगळं जागच्या जागी.

२६ ऑगस्ट, सोमवार. सरी. गुरुजींनी शाळा उघडली. कस्तुराबाई शिरपूरलाच, बुधवारच्या मोटरनं येणार. तोवर गुरुजी हेमसिंगच्या हातची भाकर जेवणार.

९ फेब्रुवारी १९५८, रविवार. ऊन. धनीचं लग्न झालं. हेमसिंगला रजा लागली नाही.