मागची गरम हवा

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढताच ताईने हात झटकन मागे घेतला. पॉवर सप्लायच्या जाळीतून दोन झुरळं बाहेर आली आणि टेबलाखाली पसार झाली. आत गोधडीसारखा धुळीचा थर, केसांचे पुंजके, कोपऱ्यात झुरळांची काळपट अंडी. जळकट, खवट वास थेट घशात उतरला.

"हे कधी साफ केलंस का रे?"

"वेळ कुठे मिळतो, ताई?" भावाने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "ते मरू दे. हा नवा पॉवर सप्लाय बघ, सोळाशे वॅटचा. महाग आहे, पण दहा वर्षांची वॉरंटी. घेण्यासारखा आहे का, एवढंच सांग."

तो जाहिरातींसाठी न बांधलेल्या घरांची चित्रं बनवायचा. उन्हाने भरलेल्या खोल्या, खिडकीत फुलं, सोफ्यावर हसणारी माणसं. त्यासाठी त्याने नुकतंच दुसरं ग्राफिक कार्ड बसवलं होतं आणि तेव्हापासून मशीन मध्येच मान टाकत होतं. ताई एका दवाखान्यातली कॉम्प्युटर रूम सांभाळायची. म्हणून तिला बोलावणं.

मशीन आईच्या खोलीत होतं, कारण घरातला एकुलता एक एसी तिथेच होता. तो अठरावर ठेवलेला. पलंगावर आई स्वेटर घालून, कानांना मफलर गुंडाळून बसली होती.

"आई, एसी थोडा कमी करू का?"

"नको गं, त्याचं मशीन तापतं."

ताईने नाकाला रुमाल बांधला, ब्रशने धूळ काढली, अंडी कागदात गोळा केली. मग प्लगला वॅटमीटर लावून तिने मशीन सुरू केलं. भावाने कुठलंसं दिवाणखान्याचं चित्र चालवलं. मीटरवरचा आकडा चढत गेला, पंखे घोंघावू लागले.

त्या आवाजासरशी आई उठली. कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढत तिने टेबलामागे नेलं, मोजे काढले, गाऊन वर सरकवला आणि दोन्ही पाय कॅबिनेटच्या मागे, गरम हवेच्या झोतात धरले.

भाऊ हसला. "आईचा फुकटचा शेक! आमच्याकडे काही वाया जात नाही बघ."

ताई वाकली. आईच्या नडग्यांवर तपकिरी, जाळीदार डाग पडले होते. आधी तिला तो मळ वाटला. तिने अंगठ्याने चोळून पाहिलं. डाग हलले नाहीत.

"हे काय झालंय?"

"शेकाचे आहेत गं. दुखत नाहीत." आईने गाऊन खाली ओढला. "तो नवा आला, तरी मागून अशीच हवा येईल ना?"

ताईला उत्तर माहीत होतं. वीज उष्णतेत वाया जाऊ नये, याचीच तर त्या सप्लायची सगळी किंमत होती.

"तो चांगला आहे, आई," ती हळू म्हणाली. "तो कमी तापतो."

"अस्सं," आई म्हणाली, आणि पाय थोडे आणखी आत सरकवले.

ताईने रुमाल सोडला. वास गेला नव्हता; तो आता तिच्या हातांनाही येत होता. तिने एसी बंद केला. भाऊ ओरडला, "अगं, मशीन बंद पडेल!" तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कपाट उघडलं, आईचे चार कपडे आणि औषधांचा डबा पिशवीत घातला.

"चार दिवस माझ्याकडे चल."

"आणि याच्या जेवणाचं काय?"

"चाळिशीचा घोडा झालाय तो. चल."

आई कुरकुरत उठली. ताईने तिचा हात धरून तिला दाराबाहेर काढलं. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या नाहीत, तोच वर भाऊ दारात आला. हातात मोबाइल तसाच.

"ताई, पण नक्की काय ते सांगून तरी जा. बाराशे पुरेल, की सोळाशेच घेऊ?"

ताई उतरतच राहिली. आई मात्र थांबली. धापा टाकत मागे वळली आणि तिचा सगळा चेहरा मायेने भरून आला.

"मोठाच घे, बाळा."

आईचा हात ताईच्या हातात होता. तिला तो सोडून द्यावासा वाटला. पण जिना अरुंद होता, आणि आईला पुढची पायरी दिसत नव्हती.