कुणाचं डावं?

वहिनी आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. दादाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी उपग्रह टीव्हीची कंपनी काढली, तेव्हा केबलवाले हसले होते. "तारेशिवाय चित्र? उद्या नळाशिवाय पाणी विकाल." वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. केबल ओढणं परवडत नाही अशी टेकडीवरची घरं त्यांनी आधी धरली. पहिल्या वर्षी चाळीस घरं, सातव्या वर्षी नऊ हजार. छपरांवर डिशच्या छत्र्या बसवणारा पहिला माणूस मी.

आणि मग निरोप आला. ज्या उपग्रहावर आम्ही भाड्याने होतो तो थकला होता, महिन्याभरात बंद पडणार होता. नवा उपग्रह आकाशात शेजारीच होता, पण त्यासाठी प्रत्येक छत्री जराशी वळवायला हवी होती. फिटर आम्ही अकरा. छत्री वळली नाही की घर गेलं, कारण दुसऱ्या कंपनीची माणसं दारोदार फिरतच होती.

"लोकच वळवतील," वहिनी म्हणाल्या. "पत्र पाठवू."

"अगं, लोक छत्री मोडतील," दादा म्हणाला.

"कुकरची शिटी काढून बसवतात ना? मग एक नट सैल करता येईल."

पत्रात काय लिहायचं ते मला विचारलं. मी सांगितलं, नट सैल करा, छत्रीची कड दोन बोटं डावीकडे न्या. छापण्याआधी वहिनींनी ते मला वाचून दाखवलं, कारण तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. मी मान डोलावली.

चार दिवसांत फोन खणखणू लागले. वळवली, तरी पडदा काळाच. वहिनी एकेकाला समजावत होत्या. शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका बाईने विचारलं, "अहो, कुणाचं डावं? माझं की छत्रीचं?"

वहिनींनी रिसीव्हर हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "भावजी, छत्री लावताना तुम्ही कुठे उभे असता?"

"तिच्या पाठीशी."

"आणि लोक तिच्या तोंडासमोर उभे राहिले."

निम्मी गिऱ्हाइकं माझ्या एका शब्दाने उलटी वळली होती. "चूक माझी," मी म्हणालो.

"पत्राखाली सही माझी आहे," वहिनी म्हणाल्या. "आता डावं-उजवं विसरा. घरातल्या माणसाला सांगताय असं सांगा."

मी जरा विचार केला. "छत्री बसवताना आम्ही खांबावर खूण केली होती, तिथे ती परत आणा. मग सूर्य उगवतो त्या बाजूला दोन बोटं."

वहिनींनी तेच लिहिलं आणि वर पहिली ओळ घातली: मागच्या पत्रात आमची चूक झाली.

"चूक कबूल करणारी कंपनी मी तरी पाहिली नाही," दादा म्हणाला.

"मग आता बघा."

दुसरं पत्र गेलं. आम्ही अकरा जण म्हाताऱ्यांच्या आणि एकट्यादुकट्यांच्या घरी जात राहिलो. जुना उपग्रह बंद झाला त्या सकाळी तिघेही फोनपाशी बसलो होतो. कुणाला चहा गेला नाही. सव्वाशे घरं गेली होती, ती गेलीच. बाकीच्यांचं काय, ते आता कळणार होतं.

अकरा वाजता पहिला फोन वाजला. एक आजोबा होते.

"माझं दिसतंय," ते म्हणाले. "शेजाऱ्याची छत्री दुसऱ्या कंपनीची आहे. तीही उगवतीकडे वळवली तर तुमचं दिसेल का?"

"नाही हो आजोबा," वहिनी म्हणाल्या, "त्याला टीव्हीला जोडायचा डबाही आमचाच लागतो." आणि मला एक डबा नि अवजारांची पिशवी उचलायची खूण केली.