मंजुळेच्या दातावरची रेघ

नाशकाला रामरथाला या, गोरक्षला नक्की आणा, असं चंद्रभागेनं मोठ्या जावेला सटाण्याला पत्र घातलं, तेव्हा यादवरावांना वाटलं, बायकोचा राग एकदाचा निवळला. निवळतो कसला! सहा वर्षं राखेखाली जपलेला निखारा तो. फुंकर घालायला मुहूर्त हवा होता, एवढंच.

सहा वर्षांपूर्वी चंद्रभागा बी.ए.च्या परीक्षेसाठी तीन महिने पुण्याला राहिली. सासू कुसाबाई पाय मोडून नाशकात खाटेवर. म्हणून दीड वर्षाची लेक मंजुळा सटाण्याला याच जावेकडे, भागुबाईंकडे, ठेवली. त्यांचा गोरक्षही तेवढाच, दोघांत पंधरा दिवसांचं अंतर. मंजुळा परत आली ती काडी होऊन, डोळे अर्धे मिटलेले. "गावभर ताप व्हता," भागुबाई म्हणाल्या. आणि मग जिथं चार बायका जमतील तिथं त्यांचं एकच पालुपद : "मायनी पुस्तकसाठे पोर टाकी दिनी, वाळणारच ना ती!" चंद्रभागेनं ते ऐकलं आणि पदवीचा कागद ट्रंकेच्या तळाशी घातला.

आता मंजुळेचे वरचे पुढचे दोन दात आले होते. चंद्रभागा रोज सकाळी ते उजेडात धरून बघे. टोकापासून तिसऱ्या हिश्शावर दोन्ही दातांना आडवी खाच होती, कुणी नखानं ओढल्यासारखी. मीठ झालं, कोळसा झाला; जाईना. शेवटी तिनं पोरीला भद्रकालीत इसाक डॉक्टरांकडे नेलं. ते कलकत्त्याला दातांचं शिकून आलेले, पण बोलणं घरगुती.

"बाई, घासू नका. हा मळ नाही. तांब्याच्या भांड्याला कल्हई असते ना, तसं दातावरचं हे कडक कवच. इनॅमल म्हणतात. पण भांड्याला पुन्हा कल्हई करता येते. दाताचा कल्हईवाला हिरडीच्या आत बसून एकदाच काम करतो, टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे. दात बाहेर आला की तो संपला. परत येत नाही."

"पण हे दात तर आत्ता आले."

"आले आत्ता. घडायला लागले ही पाळण्यात होती तेव्हा. मधे मोठा ताप आला, उपासमार झाली, की कारागिराचा हात थांबतो. मग अशी खाच राहते." त्यांनी बारीक पट्टी लावली. "दीड-दोन वर्षांच्या सुमाराची दिसते. काय झालं होतं तेव्हा?"

चंद्रभागेनं उलटच विचारलं, "ताप की उपास, हे कसं ओळखायचं?"

"दात कधी ते सांगतो, बाई. का ते नाही सांगत."

जिना उतरता उतरता तिला सुचलं. हा दात सांगत नसेल, दुसरा सांगेल. गोरक्षचा.

त्याच संध्याकाळी तिनं सटाण्याला ते पत्र घातलं. थांबायला वेळही नव्हता. धाकटा सावळीराम सव्वा वर्षाचा झालेला. दूध तोडायला मूल आईपासून लांब ठेवायचं ही घरची रीत, आणि कुसाबाईंनी ठरवून टाकलं होतं : रथ झाला की पोरगं भागुबाईबरोबर सटाण्याला. चंद्रभागा दोनदा नको म्हणाली. "तुझ्या नुसत्या संशयावर रीत मोडू का गं?" म्हणून सासूबाईंनी विषय मिटवला.

एकादशीला रथ झाला. द्वादशीला पुरणपोळीचं जेवण. भागुबाईंनी चार पोळ्या रिचवल्या. चंद्रभागेनं पानाचं तबक आणलं, मुलांनाही विडे दिले, कात जरा सढळ हातानं लावून.

"अक्का, त्या वर्षी गोरक्षलाही ताप होता ना हो?" तिनं सुपारी कातरत विचारलं.

"व्हता म्हणजे! मंजीपेक्षा जास्त. एकवीस दिन."

"आणि दूध?"

"एकच वाटी, एकच चमचा. दोघांना सारखं. काळ्या रामाची आण!"

"ऐकलंत ना, आत्याबाई?" ती सासूबाईंकडे वळून म्हणाली.

"मी काय बहिरी आहे?" कुसाबाई म्हणाल्या.

"मंजुळे, गोरक्ष, जा, दहा चुळा भरून या."

मुलं आली. चंद्रभागेनं दोघांना दाराच्या उजेडात उभं केलं आणि तोंडं उघडायला लावली. गोरक्षचे दात धुतलेल्या कवड्यांसारखे. मंजुळेच्या खाचेत मात्र कात बसला होता. दोन्ही दातांवरून एका सुतात लाल रेघ. मग तिनं इसाक डॉक्टर बोलले ते सगळं सांगितलं.

भागुबाई टाळी वाजवून हसल्या. "दातवर काय पोथी लिखेल शे का? बी.ए. झाई तं दात बी वाचाले लागनी!"

यादवराव खाकरले आणि खिडकीबाहेर बघू लागले. चंद्रभागेनं मुलांना उजेडात तसंच धरून ठेवलं. डाव उलटला तर सावळीराम उद्या मोटारीत बसणार.

कुसाबाई उठल्या. पाय ओढत दाराशी आल्या, दोघांच्या दातांवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. उभी हयात बागलाणात उसाच्या मळ्यात गेलेली बाई.

"ज्या महिन्यात पाणी चुकलं, त्या महिन्याचं कांडं आखूड पडतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "मागनं कितीबी पाणी द्या, ते लांबत नाही. तोडणीचा ऊस बघून मी सांगायची, पाणी कधी चुकलं ते." मग वळल्या. "एकाच पाटाचं पाणी म्हणालीस, भागे. वर रामाची आण घेतलीस. मग हिचं कांडं आखूड अन् त्याचं नीट कसं?"

भागुबाईंनी गोरक्षला दारातून आपल्याकडे ओढलं.

"काय घालत होतीस पोरीला?"

"बाळगोळी."

"अफूची?"

"मंग काय करू, आत्याबाई? माय माय करी रातदिन रडे. मी एकटी, दोन लेकरं, गोठा, रांधणं. गोळी दिधी का झोपे. उठेच ना, तं दूध कसं पाजू?"

"आणि तिच्या वाटचं दूध?" चंद्रभागेनं विचारलं.

भागुबाईंची नजर गोरक्षच्या तोंडाकडे गेली आणि खाली वळली.

माय माय करी रडे. हे एक चंद्रभागेनं योजलेलं नव्हतं. तो घाव तिच्या वर्मी बसला. पण तिनं मान ताठ ठेवली. भागुबाईंसमोर डोळे पुसायचे नव्हते.

"सावळ्या कुठं जायचा नाही," कुसाबाई म्हणाल्या. "माझ्या कुशीत झोपून दूध सोडंल."

दुसऱ्या दिवशी सटाण्याची मोटार दाराशी आली. चंद्रभागेनं जावेला रीतसर कुंकू लावलं, ओटी भरली. भागुबाई हळूच म्हणाल्या, "चंद्रे, दातले काही लाव ना. घसाई जाई ते."

"नाही जात, अक्का. दाताला दुसरी कल्हई नसते. आम्ही गौरीला येऊ, दिवाळीला येऊ, गोरक्षच्या लग्नाला येऊ. दरवेळी मंजुळा आधी तुमच्याच पाया पडेल." आणि तिनं आत हाक मारली, "मंजुळे, काकू निघाल्या गं. हसून निरोप दे!"

मंजुळेला हसायला कारण लागत नसे. ती धावत आली आणि तोंडभर हसली. भागुबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि मोटारीत चढल्या.

सावळीरामाला कडेवर घेऊन चंद्रभागा उंबऱ्यात उभी राहिली.

"अजून हस," ती म्हणाली. "मोटार वळेपर्यंत हस."