हाताची घडी

मूल बूट घालत असेल तेव्हा मोठ्यांनी हाताची घडी घालून बसायचं, हा आमच्या पाळणाघराचा नियम. ऐकायला सोपा वाटतो. करून बघा, हात नुसते शिवशिवतात.

अडीच वर्षांच्या चिमणीला न्यायला तिचे आजोबा येत आणि नियम धाब्यावर बसवत. ती बुटाला हात लावते न लावते तोच हे खाली बसून दोन्ही बूट चढवून मोकळे. गुडघे कुरकुरत, तरीही. शेवटी माझं डोकं फिरलं. "आजोबा, तिला येतं ते. तुम्ही पोरीला पांगळी करून ठेवाल."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "ताई, हळू बोला. सुनेनं ठरवलंय, हिचे बूट हिला घालता आले की व्हॅन लावायची. माझ्या गुडघ्यांना आराम म्हणून. चांगल्या मनानंच म्हणते हो ती. पण मग मी दिवसभर काय करू? भिंतींशी बोलू?"

मला वाईट वाटलं. रागही आला, कारण म्हाताऱ्याच्या एका फेरीपायी पोरीचे हात बांधले जात होते.

दुसऱ्या दिवशी सून स्वतःच आली, आजोबा मागे. चिमणीने फतकल मारून पाय पुढे केला. आजोबा वाकायला लागले, तसा मी त्यांचा दंड धरला. "घडी घाला."

त्यांनी घातली. पोर जीभ बाहेर काढून बुटाशी झटत राहिली. पट्टी वाकडी लागली, उपटली, परत लावली. सून घड्याळ बघून पुढे सरसावली, तिलाही अडवलं. अखेर चिमणी उभी राहिली, डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. "मी घातले," ती म्हणाली.

आजोबांचं तोंड एवढंसं झालं.

"चला, व्हॅनवाल्याला सांगते आता," सून म्हणाली.

"सांगा की," मी म्हणाले. "पण तो एवढा वेळ थांबायचा नाही. बूट कोंबेल आणि उचलून नेईल. तुम्हालाच कुठे धीर निघाला? हिला बूट चढवायला माणूस नको, ती चढवेपर्यंत वाट बघायला हवा. बाकावर बसून. त्यात गुडघे दुखत नाहीत. तुमच्या घरात एवढी सवड कुणाला आहे, सांगा."

सून सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, उद्या येताना रिक्षा करा, चालत नका येऊ," ती म्हणाली.

आजोबा "बरं" म्हणाले, हाताची घडी न सोडता.