दहाव्या दुकानात राहिलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. मूळची मी शाळेतल्या फळ्याच्या स्टँडचा पाय. स्टँड मोडले तेव्हा शाळेच्या सुताराने मला तासले, घासले आणि शिपाईमामांच्या हाती दिले. त्याच दिवशी मामा निवृत्त झाले होते.

"बत्तीस वर्षं घंटा दिलीत मामा, आता जरा सावकाश चाला," सुतार म्हणाला.

मित्रांनो, मामा सावकाशच चालत. दूध, भाजी, दवाखाना. गुडघे दुखायचे त्यांचे, भार यायचा माझ्यावर. माझ्या टोकाचे रबर चारदा बदलले.

मग शाळा बंद पडली. बाके, कपाटे, पितळी घंटा, सगळे जुन्या बाजारात गेले. घंटा गेल्यापासून मामा धड जेवेनात. शेवटी मामीच म्हणाल्या, "चला, निदान घंटा बघून तरी येऊ."

जुना बाजार म्हणजे चढउताराच्या अरुंद गल्ल्या. दगडी फरशी अशी, की दर दहा पावलांना माझे टोक फटीत अडके. दारादारात बिनपाठीच्या खुर्च्या, आंधळे झालेले आरसे, कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो. आम्ही नऊ दुकाने पालथी घातली.

"अहो, नसेल नशिबात. घरी जाऊ."

"हे एवढं शेवटचं," मामा म्हणाले. हे ते चौथ्यांदा म्हणत होते.

दहाव्या दुकानात घंटा होती.

"ती हॉटेलवाल्यांनी घेतलीय, आजोबा. उद्या नेतील," दुकानदार म्हणाला.

"एकदा वाजवू?"

"वाजवा की."

मामांनी मला कपाटाला टेकवले, दोन्ही हातांनी हातोडा उचलला आणि शाळा सुटल्याची घंटा दिली. गल्लीतली माणसे थबकली. डोळे भरून आल्याने मामांना काही दिसेनासे झाले. मामींनी त्यांना हाताला धरून बाहेर नेले. मी मागेच राहिले.

दुकानदाराने माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली: 'शंभर वर्षांची दुर्मीळ काठी'. मी उणीपुरी अकरा वर्षांची! येणारेजाणारे मला उचलत, ऐटीत फोटो काढत, ठेवून देत. कोणी माझ्यावर भार टाकला नाही. रिकामपणाने मी जास्तच थकले.

महिन्याने मामी एकट्या आल्या. दुकान कोणते ते आठवेना, म्हणून सगळा बाजार पुन्हा पायी तुडवत आल्या होत्या.

"ही आमची."

दुकानदार ओशाळला. चिठ्ठी तोडून त्याने विचारले, "आजोबा बरे आहेत ना?"

"त्याच दिवशी जिन्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. नवी काठी आणली, तर तिला हातही लावत नाहीत."

आता मी पलंगाशी उभी असते. उठून चालायला डॉक्टर म्हणतात दोन महिने, मामा म्हणतात पंधरा दिवस. रोज सकाळी ते हात लांबवून मला चाचपतात, मूठ आवळतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

मित्रांनो, घर आवरताना म्हाताऱ्या माणसांची काठी, चष्मा कोपऱ्यात सरकवू नका. त्यांचा हात पोचेल तिथेच असू द्या. हात रिकामा परत फिरू लागला, की माणूस उठायचेच सोडून देतो.