डब्याचं प्रकरण

गुणवंतरावांचा फोन आला तेव्हा दिव्यानी चिमीच्या डोक्यातल्या उवा काढत बसली होती. एका हातानं पोरीची मान धरलेली, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला.

"दिव्यानीताई, होळी झाली की तुमचं पुस्तक प्रेसला जातंय. आता एकच काम राहिलं. प्रत्येक नव्या लेखकाकडून मी सुरुवातीची दोन पानं घेतो. काय वाचत आलात, कोणाच्या प्रेमकथा आवडल्या, पहिलं पुस्तक कसं झालं. चांगली चार-पाच नावं टाका त्यात. वाचकाला बरं वाटतं."

"नावं?"

"लेखकांची. पुस्तकांची."

"देते, भाऊ," ती म्हणाली.

गुणवंतराव चंद्रपूरला वर्षाकाठी पाच-सहा पुस्तकं काढायचे. पोंभुर्ण्याची एक सून प्रेमाची कादंबरी लिहिते आणि ती चांगली लिहिते, याचं त्यांना भारी कौतुक. त्यांना कसं सांगावं, की आपल्याला एकही नाव देता येत नाही? वाचलं नव्हतं असं नाही. पण तिनं जी पुस्तकं वाचली, त्यांना नावंच नव्हती.

तिचा बाप वारलू बल्लारपूरला एका रद्दीच्या गोदामात कामाला होता. गावोगावची रद्दी तिथे यायची, निवडली जायची आणि मग लगद्याला जायची. पुस्तकाचं चकचकीत कव्हर आणि पाठीचा डिंक लगद्यात चालत नाही. म्हणून वारलूचं काम एवढंच, की पुस्तक गुडघ्यावर घ्यायचं, कव्हर धरून हिसडा मारायचा, पाठ कोयत्यानं छाटायची आणि उरलेली पानं पांढऱ्या ढिगात टाकायची. कव्हराबरोबर पुढची चार पानं जायची, मागचीही जायची. पोरगी वाचायला लागली तसा तो एखादं पुस्तक घरी आणू लागला. मुकादमही म्हणायचा, "ने ना वारलू. वजनात काय फरक पडते?"

वारलूला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण त्याची निवडायची एक रीत होती. पानं फडफडवून तो आखूड ओळी बघायचा. आखूड ओळी म्हणजे माणसं एकमेकांशी बोलताहेत. जिथं बोलणं जास्त ते पुस्तक चांगलं. आणि बोलणं सगळ्यात जास्त असायचं ते प्रेमाच्या पुस्तकांत.

दिव्यानीची माय दर हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जायची. घरी बाप आणि लेक दोघंच. भात शिजेपर्यंत ती वाचायची आणि तो चिरलेल्या बोटांना तेल चोळत ऐकायचा. "मंग?" म्हणायचा. "मंग काय म्हनते थे?" शेवटची पानं नसली की ती मनानंच शेवट करायची. कोणी मेलं तर बाप जेवायचा नाही, म्हणून ती कोणाला मरू द्यायची नाही. गेलेल्याला परत आणायची. त्या पुस्तकांना नावंही तिनंच दिली होती. एक तेल सांडलेलं, एक उंदरानं कुरतडलेलं, एक समुद्राचं, एक नर्सबाईचं. नर्सबाईचं तर तिचं इतकं लाडकं, की लग्नात सोबत न्यायला निघाली होती. मायनं हातातून काढून घेतलं. "सासरी काय रद्दी नेतेस का वो?"

सासरी मग वाचायला काही नव्हतंच. चिमी झाली आणि दिव्यानी लिहायला लागली. पोरगी अंगावर पीत असायची आणि दिव्यानी डाव्या हातात फोन धरून अंगठ्यानं लिहायची. दुपारी सासू शेतात जायची, चिमी झोळीत झोपायची. झोळीला पायानं झोका देत दिव्यानी पुढचं वाक्य शोधायची. झोका थांबला की पोरगी कुरकुरायची, झोका लागला की वाक्य पळायचं. असं करता करता पोरगी बोलायला लागली तेव्हा कादंबरी संपली.

नवऱ्याचं, विक्कीचं, बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो आधी संशयानं बघायचा. "दिवसभर कोणासंगं बोलून राह्यली वो?" तिनं फोन पुढे केला. त्यानं दोन पानं वाचली, कान लाल झाले. "हे तू लिवलं? मले तं कदी असं काई म्हटलं नाई."

"तुमी कदी गाडीनं दूर गेले का? जा, मंग म्हनते."

आता तोच दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या घरी लेखिका हाये. स्क्रीनगार्ड बसवून घ्या अन् पुस्तकासाठी नाव नोंदवा."

सगळ्यांना आवडलं ते डब्याचं प्रकरण. कादंबरीतला पोरगा बल्लारपूरहून नोकरीला दूर निघतो. पोरगी घरी खोटं सांगून स्टेशनावर येते, त्याच्यासाठी डबा घेऊन. पण त्याची माय आधीच त्याला पोटभर जेवू घालून सोबत चालत आलेली असते. त्याला डबा घेता येत नाही. गाडी जाते. भरलेला डबा घरी नेला तर चोरी पकडली जाईल, म्हणून ती बाकावर बसते आणि अख्खा डबा एकटीनं खाते, शेवटच्या शितापर्यंत. गुणवंतरावांनी फोनवर तिला तिचंच वाक्य वाचून दाखवलं होतं, "तिनं त्याच्या वाटणीची भूकही खाल्ली." म्हणाले होते, "ताई, हे एक वाक्य लिहायला माणसं जन्म घालवतात." त्या दिवशी तिचे पाय भुईला लागत नव्हते.

दोन पानांसाठी म्हणून ती चिमीला घेऊन बल्लारपूरला माहेरी आली. मनात होतं, जुन्या पोत्यातली पुस्तकं बघू, निदान गोष्टी तरी नीट सांगू. माय मिरचीला गेलेली. वारलू ओसरीवर बसलेला. धुळीनं त्याची छाती भरली होती, काम सुटलं होतं. नात दिसताच उठून बसला.

"पुस्तक झालं म्हनते जवाई. मले काऊन नाई आयकवलं अजून?"

"अजून छापलं नाई, बा."

"छापल्यावर मले वाचता येनार हाये का? आता वाच."

तिनं फोन उघडला आणि डब्याचं प्रकरण वाचलं. जरा तोऱ्यातच वाचलं. वारलू डोळे मिटून ऐकत होता, त्याची बोटं तेल चोळल्यासारखी एकमेकांवर फिरत होती. ती डबा उघडण्याशी आली तसा तोच पुढे बोलला, "अन् मंग एकटीच खाते."

दिव्यानी थांबली. "तुले कसं मालूम?"

"वा! मले नाई मालूम?" बाप खुशीत हसला. "तूच तं वाचलं होतं. फक्त तवा गाडी नोती, बोट होती. मी तुले इचारलं, समुद्र केवडा असते? तू म्हटली, वैनगंगेवानी, पन पल्याडचा काठ नसलेला. तवा डब्यात मासोळी होती, आता तू अंबाडीची भाजी केली. बरं केलं. गाडीत मासोळीचा वास सुटते."

"बा, ते मी मनानं सांगत होती ना? शेवट सांगायची तसं?"

"शेवट मनानं. थो परत येते, डबा मांगते, थे मनानं. बोटीवरचं तं तू बोट ठेवून वाचे." त्यानं डोळे उघडले. "येते ना थो परत यातबी?"

 कादंबरीतला पोरगा परत येत नव्हता. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा येत होता. गुणवंतराव म्हणाले होते की परत आणल्यानं गोष्ट स्वस्त होते. म्हणून तिनं ती पानं काढून टाकली होती.

पोतं घरामागच्या सांदवाडीत, फाटक्या गोधडीखाली होतं. तोंड सोडलं तर आत मातीच माती. वाळवीनं पुस्तकांचा भुगा केला होता. नर्सबाई नाही, तेल सांडलेलं नाही, उंदराचं नाही. तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच पुस्तक धड राहिलं होतं. तिनं पानं उलटली. बोट. धक्का. पोराची आई. डबा. आणि पानाच्या खालच्या अंगाला ते वाक्य, जसंच्या तसं. एक काना-मात्रासुद्धा तिची नव्हती.

ती तिथंच मातीत बसून वाचत राहिली. पहिली भेट, तीही तीच. भांडण तेच. फक्त समुद्राच्या जागी नदी आली होती, सुपारीच्या जागी मोहाची झाडं. एवढी वर्षं तिला वाटत होतं की झोळीला झोका देताना वाक्यं तिच्याकडे येतात. ती येत नव्हती, परत येत होती. पुढची पानं फाटलेली, मागची फाटलेली, पानांच्या माथ्यावर नुसते आकडे. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. ते वाक्य तिनं फोनवर शोधून पाहिलं. फोनला काही सापडलं नाही.

बाप दारात येऊन उभा राहिला. तिचा चेहरा पाहून त्याला काय झालं ते कळलं, पण त्याचा अर्थ त्यानं आपल्या परीनं लावला.

"असं काऊन करतेस, बाई? मी नसतं आनलं तं त्याचा लगदा झाला असता. फेकनाऱ्यानं फेकलं, मी उचललं, तू जपलं. आता थे कोनाचं? तुयंच."

"लिवनाऱ्यानं नाई फेकलं, बा. वाचनाऱ्यानं फेकलं."

वारलू उंबऱ्यावर टेकला. म्हणाला, "मी सांगाले नोतं पायजे." हे ऐकून तिला अजूनच भडभडून आलं. आपल्या लेकीचं एक-एक वाक्य जपून ठेवलेल्या बापाला आता तेच आठवल्याचा पस्तावा होत होता.

तिनं विक्कीला फोन केला. तो गिऱ्हाईकात होता. "अवं, कोनाले मालूम पडते? त्याचं नाव तुलेच मालूम नाई तं थो कुठून येते भांडाले? चिमीची शपथ, कोनाले सांगू नको."

"पोरीची शपथ घालू नका."

"मंग काय करतेस? मी अर्ध्या पोंभुर्ण्याले सांगून बसलो."

ती पोंभुर्ण्याला परतली, सासू शेतात गेल्यावर तिनं कादंबरी उघडली. ठरवलं होतं, त्या पुस्तकातलं तेवढं काढू. डब्याचं प्रकरण काढलं. भेट काढली, भांडण काढलं. मग उरलेलं वाचायला घेतलं. बाजाराच्या दिवसाचं ते छान वर्णन कुठलं? नर्सबाईच्या पुस्तकातलं? पोरीचा बाप रुसतो, ते? नायिका बांगड्या मोजते, ते? पडताळायचं तरी कशाशी? ती पुस्तकं तर वाळवीच्या पोटात गेली होती. जे वाक्य चांगलं वाटे त्याचाच जास्त संशय येई. जे ओबडधोबड, ते बहुतेक आपलं. ओबडधोबड तेवढंच ठेवलं, तर दोन माणसं का एकमेकांवर जीव टाकतात हेच कळेना.

तिनं गुणवंतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी एक-एक विचारायला सुरुवात केली.

"पुस्तकाचं नाव?"

"नाई मालूम, भाऊ."

"लेखक? लेखिका?"

"नाई."

"मग परवानगी तरी कोणाची मागायची?" त्यांनी सुस्कारा सोडला. "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. उरलेलं पाठवा. बघतो."

"उरलेलं माझंच हाये असं मले नाई सांगता येत."

"अहो, सगळेच कुठून ना कुठून घेतात."

"घेते त्याले मालूम असते, भाऊ. मले मालूमच नाई. मी कोनाचं घेतलं अन् किती घेतलं. नका छापू."

त्यांनी फार आग्रह केला नाही. एवढंच म्हणाले, "दुसरं लिहा. या वेळी स्वतःचं." चांगल्या मनानं म्हणाले.

विक्की दोन दिवस धुसफुसला आणि मग दुकानात सांगू लागला की कागद महाग झाला म्हणून पुस्तक लांबलं. बापाचा फोन आला तेव्हा तो पुस्तकाचं काही बोलला नाही. चिमी जेवली का, एवढंच दोनदा विचारलं.

दुपार मात्र रोज यायचीच. सासू गेली, भांडी झाली, चिमी झोपली. झोळी आता पोरीला पुरेना, म्हणून ती चटईवर निजायची, एक पाय आईच्या मांडीवर टाकून. असं एकदा बघता बघता दिव्यानीनं फोन उचलला आणि लिहिलं, पोरीच्या टाचेला उन्हाचा वास येतो. वाक्य बरं होतं. ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. कोण्या नर्सबाईला एखादं मूल होतं का? तिनं त्याची टाच हुंगली होती का? आठवेना.

तिनं ते पुसलं. मग वाकून चिमीची टाच नाकाशी धरली आणि खरंच कसला वास येतो ते हुंगून पाहिलं. शेणाचा येत होता, थोडा साबणाचा. तेही तिनं लिहिलं नाही. पोरगी झोपेतच पाय ओढून कुशीवर वळली. दिव्यानी पुढची सगळी दुपार रिकामी घेऊन तिच्याजवळ बसून राहिली.