दोन्ही पाय उबदार

मामाला दोन्ही पाय आहेत, ही बातमी मला कृत्रिम अवयव विभागाच्या काउंटरवर कळली. मामा शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्या पँटचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेने टाचलेला होता. काउंटरवरच्या बाईंनी पडद्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि नव्या पायाचा अर्ज वरून परत आल्याचं सांगितलं. नोंदीप्रमाणे रुग्णाचे दोन्ही पाय उबदार आहेत, दोन्हीकडे नाडी चांगली लागते, चाल सरळ आहे.

"चाल सरळ आहे हे खरं," मामा म्हणाला. "वाकडेपणा आपण कधी केला नाही."

बाईंना हसू आलं. मला आलं नाही. मामा न्हावी आहे, आणि न्हाव्याचा धंदा उभ्याचा. मधुमेहाने पाय गेल्यावर त्याने उंच स्टुलावर बसून कात्री चालवून बघितली, पण गिऱ्हाइकाच्या एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जायचं तर स्टुलासकट जायला हवं. दोन-चार गिऱ्हाइकांनी दया म्हणून वाकडे केस कापून घेतले आणि मग तेही फिरकेनासे झाले. पाय मिळाला तर दुकान उघडायचं, नाहीतर जागा देऊन टाकायची, असं मामीने ठरवून टाकलं होतं. मामी एकदा ठरवते म्हणजे ठरवतेच.

मी त्याच रुग्णालयात नोंदी विभागात आहे. डॉक्टर रुग्ण तपासून झाले की यंत्रात बोलून ठेवतात, टायपिस्ट ते ऐकून टाइप करतात, आणि तो मजकूर ज्याचा त्याच्या संगणकातल्या फाइलीत, ज्या त्या रकान्यात नेऊन बसवणं हे माझं काम. ते मी न वाचताही करू शकले असते. पण मला राहवत नाही. कोणाला काय झालं, कशाने झालं, मग पुढे काय, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. मामा मला लहानपणापासून 'चौकशी खिडकी' म्हणतो. म्हणून राग आला होता हे खरं असलं, तरी त्याहून जास्त कुतूहल होतं. कापलेला पाय परत फुटतो कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मामाची फाइल उघडली. पाय दुसरीकडच्या रुग्णालयात कापला होता, त्याचा कागद आमच्याकडे आलेलाच नव्हता. आमच्याकडे होत्या त्या साखरेच्या डॉक्टरांच्या दर फेरीच्या नोंदी. शेवटच्या नोंदीचं ध्वनिमुद्रण अजून पुसलं गेलं नव्हतं. कानाला लावलं. डॉक्टरांनी साखर सांगितली, रक्तदाब सांगितला, गोळी वाढवल्याचं सांगितलं, एक जांभई दिली आणि म्हणाले, "बाकी नेहमीसारखं." संपलं. पायाचं नावही नाही.

या डॉक्टरांना आमच्या विभागात सगळे 'बाकीवाले' म्हणतात. माणूस भला आहे, पण बाहेर बाकावर बसलेली माणसं संपत नाहीत आणि बोलायला वेळ उरत नाही. मी टायपिस्टबाईंकडे गेले. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. पाय तुम्ही कुठून आणलेत, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे चहाचा कप बाजूला ठेवला आणि एक कळ दाबली. पडद्यावर अख्खा परिच्छेद टपकन पडला: शुद्धीवर, छाती साफ, पोट मऊ, दोन्ही पाय उबदार, नाडी चांगली, चाल सरळ.

हा परिच्छेद त्यांनी नव्हे, कधीच निवृत्त झालेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी रचला होता. 'नेहमीसारखं' असं लिहून चालत नाही, काय नेहमीसारखं ते लिहावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवला. पुढे नवे डॉक्टर आले, त्यांनीही तोच वापरला. कागदाच्या काळात कोणाचं काही अडलं नाही, कारण कागद आणि माणूस एकाच दारातून आत यायचे. कागदावर चार पाय असते तरी बघणाऱ्याने माणूस बघून निकाल दिला असता. आता नोंद एकटी फिरते. मला हे फार मजेशीर वाटलं, आणि मामाची आठवण आली तेव्हा वाटेनासं झालं.

दुरुस्ती करायला गेले तर नोंदीला कुलूप. डॉक्टरांनी मंजुरी दिली की त्यात फक्त तेच भर घालू शकतात. मी त्यांच्याकडे विनंती पाठवली. त्यांनी त्याच दुपारी तत्परतेने बोलून ठेवलं: उजवा पाय गुडघ्याखाली नाही, बाकी नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी ते टाइप करताना टायपिस्टबाईंचा हात सवयीने त्या कळेवर गेला. माझी त्या दिवशी रजा होती. नोंदीत आता मामाला उजवा पाय नव्हता आणि त्याचे दोन्ही पाय उबदार होते. अवयव विभागाने कळवलं की रुग्णाला नक्की किती पाय आहेत हे आधी रुग्णालयाने ठरवावं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मामाला खुर्चीत घातलं आणि बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांचे डोळे चुकवत थेट डॉक्टरांच्या खोलीत नेलं. काय झालं ते एका दमात सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी चष्मा वर केला, पडद्यावरची नोंद मोठ्याने वाचायला घेतली आणि हसू लागले. मामाही हसू लागला. टायपिस्टबाईंनी तुमचा पाय वाचवला, आमच्याने नाही झालं ते, असं काहीतरी ते म्हणाले. आत्ता समोर बसूनच दुरुस्ती बोलतो, म्हणाले. यंत्र हातात घेतलं.

"उजवा पाय नाही. डावा पाय उबदार, नाडी…" इथे ते थांबले. हसणं ओसरलं. "डावा मी शेवटचा कधी बघितला?"

त्यांनी मला विचारलं नव्हतं, मामालाही नाही. जगाच्या चौकशा करणारी मी, उजवा कुठून आला हे शोधत इतके दिवस घालवले आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. उजव्याबद्दल खोटं बोलणारा परिच्छेद डाव्याबद्दल खरं कशाला बोलेल?

डॉक्टर खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसले. मामाचा बूट काढला, मोजा ओढला. मोजा करंगळीपाशी चिकटला होता. त्यांनी तो पाण्याने भिजवून हलकेच सोडवला. करंगळीच्या खाली एक जखम होती, कडेला काळी पडलेली. मामाला काहीच दुखत नव्हतं. पाय डॉक्टरांच्या हातात होता तरी तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

डॉक्टरांनी घोट्यापाशी, मग पावलावर बराच वेळ बोटं टेकवून नाडी शोधली. सापडली. त्यांचा आणि माझा श्वास एकदमच सुटला. आजच दाखल करायचं, म्हणाले. करंगळी बहुतेक जाईल, पाय वाचेल. नवा पाय नंतर, पण मिळेल, ते मी बघतो. मग यंत्र माझ्या हातात दिलं, ते तोंडासमोर धरायला सांगितलं, आणि पाय मांडीवर घेऊन दिसेल ते, दिसेल तसं बोलत गेले. बाहेरचा बाक कुरकुरत होता. त्यांनी घाई केली नाही.

शेवटी त्यांनी मामाला विचारलं की ही जखम कधीपासून आहे, घरात कोणाच्याच कशी लक्षात आली नाही.

मामाला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी विनोद सुचतो. या वेळी सुचला नाही. तो पहिल्यांदा खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होता.

"काय सांगू, डॉक्टर," तो म्हणाला. "आम्ही सगळे त्या नसलेल्या पायाच्याच मागे होतो."